पेंड, कोंडा आणि तळ्यांतील मासा

पनवेल गांवापासून खाडीच्या बाजूस उतरत गेलें म्हणजे गोड्या जमिनीचीं खाचरें मागें पडून खारजमीन सुरू होते. बाहेरकांठ्यानें भरतीचें पाणी थोपवावें, उघाडींतून पावसाचें पाणी सोडावें, आणि जमिनींतील मीठ धुऊन गेल्यावर भात लावावें, अशी येथील शेतीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रानें ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ व ‘पनवेल ३’ असे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले, त्यानें पिकाची शाश्वती वाढली. परंतु पावसाळा सरल्यावर मीठ पुन्हां वर येतें आणि दुसरें पीक बहुधा साधत नाहीं. त्यांतच १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराकरितां पनवेल व उरण भागांतील पुष्कळ जमीन गेली. उरलेल्या तुकड्यावर प्रपंच चालवावयाचा तर भाताच्या जोडीस दुसरें कांहीं उत्पन्न पाहिजे, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

असें उत्पन्न देणारी एक वस्तु आपल्याकडे पूर्वापार आहे, ती म्हणजे तळें. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांत, खाडींतून जिताड्याचीं पिलें धरून तीं तळ्यांत सोडण्याची चाल जुनी आहे. गोड्या पाण्याच्या तळ्यांत रोहू, कटला व मृगळ हे मासे वाढवितात. तळें खणण्याचा खर्च एकदांच होतो, बीज विकत घेण्याचा खर्च थोडा असतो. परंतु मासे पोसावयाचे म्हणजे रोज खाद्य लागतें, आणि दाट संवर्धनांत एकंदर चालू खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग ह्या एका बाबींतच जातो. सबब तळें फायद्याचें कीं तोट्याचें, हें बहुतांशीं खाद्यावर ठरतें. तें खाद्य वनस्पतिजन्य पदार्थांपासून कितपत करतां येईल, त्या पदार्थांवर कोणता संस्कार झाला पाहिजे, आणि कोणत्या माशास काय मानवतें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मासळी घालून मासा पोसण्याचा प्रश्न

माशाच्या शरीराची वाढ मुख्यत: प्रथिनांवर होते. रोहू-कटल्यास खाद्यांत शेंकडा २५ ते ३० प्रथिनें पुरतात. जिताड्यास शेंकडा ४० ते ४५ लागतात. हीं प्रथिनें पुरविण्याचें सर्वांत सोपें साधन म्हणजे मासळीची कुटी. तारलीसारखी लहान मासळी किंवा जाळ्यांत आलेला बारीक माल शिजवून, पिळून, वाळवून व दळून ती तयार करितात. ती माशास रुचते, पचते, आणि तिच्यांत अंगास लागणारीं सर्व द्रव्यें योग्य प्रमाणांत असतात. ह्या गुणांत तिची बरोबरी करणारा एकही वनस्पतिजन्य पदार्थ नाहीं, हें प्रारंभींच मान्य केलें पाहिजे.

तरीपण तिच्यावर सर्वस्वीं विसंबून राहण्यांत दोन अडचणी आहेत. पहिली अशी कीं, जी तारली गरिबाच्या ताटांत जाऊं शकते ती दळून श्रीमंताच्या ताटांतील मासा वाढवावयाचा, हा व्यवहार देशाच्या दृष्टीनें आतबट्ट्याचा आहे. दुसरी अडचण भावाची. समुद्रांतील मासळी कोणाच्या हुकमतींत नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर आपल्या मांदेलीच्या कुळांतील एक लहान मासा अपरंपार मिळे, आणि जगांतील कुटीचा मोठा भाग त्यापासून होई. १९७२-७३ सालीं समुद्राचें पाणी तापून ती मासेमारी एकाएकीं कोसळली. कुटी मिळेना म्हणून जगांतील कोंबड्या-डुकरें पाळणारे सोयाबीनकडे वळले, सोयाबीनचे भाव भडकले, आणि जून १९७३ मध्यें अमेरिकेस सोयाबीनच्या निर्यातीवर कांहीं काळ बंदी घालावी लागली. समुद्रांत झालेल्या घटनेची झळ शेतमालाच्या बाजारास कशी पोंचते, याचें हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तेव्हांपासून मत्स्यखाद्यांतील कुटी कमी करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. नॉर्वे देशांत सामन हा मांसाहारी मासा समुद्रांतील पिंजऱ्यांत पोसतात. १९९० च्या सुमारास त्याच्या खाद्यांत सुमारें नऊ दशांश भाग समुद्रांतील मासळीची कुटी व तेल यांचा असे. २०२० सालीं तो पाव हिश्श्याच्याही खालीं आला, आणि बहुतेक भाग वनस्पतिजन्य झाला. मांसाहारी माशाच्या बाबतींत हें शक्य होतें, तर मूळच्याच शाकाहाराकडे झुकलेल्या रोहू-मृगळांच्या बाबतींत तें कितीतरी सुलभ असलें पाहिजे. परंतु नॉर्वेंतील लोकांनीं बाजारांतील साधी सोयापेंड घेऊन सामनपुढें टाकली नाहीं. साध्या सोयापेंडीनें त्या माशाच्या आंतड्याच्या शेवटच्या भागास सूज येते, असें तेथें आढळून आलें. तीच पेंड मद्यार्कमिश्रित पाण्यानें धुऊन दिली असतां सूज येत नाहीं. सगळा फरक धान्यांत नसून त्यावरील प्रक्रियेंत आहे, आणि ह्या लेखाचें मुख्य सांगणें तेंच आहे.

नुसती पेंड म्हणजे खाद्य नव्हे

वनस्पतीचें बीं हें माशानें खावें म्हणून निर्माण झालेलें नाहीं. त्यांतून पुढें अंकुर यावयाचा असतो, म्हणून त्याच्या रक्षणार्थ निसर्गानें त्यांत कडू, विषारी किंवा पचनास अडथळा करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. याचें आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण मोहाच्या पेंडीचें आहे. तळें नवीन बीज सोडण्यापूर्वीं नको असलेल्या माशांपासून मोकळें करावयाचें असल्यास हेक्टरी २००० ते २५०० किलो मोहाची पेंड पाण्यांत घालतात. तिच्यांतील सॅपोनिन नांवाच्या द्रव्यानें मासे मरून वर येतात. दोन-तीन आठवड्यांनीं विषाचा अंमल उतरतो आणि मग तीच पेंड तळ्यास खत म्हणून उपयोगी पडते. करंजाची पेंडही कडू असून खतासच योग्य. म्हणजे एकाच ‘पेंड’ ह्या नांवाखालीं माशाचें अन्न व माशाचें विष असे दोन्ही पदार्थ बाजारांत मिळतात. स्वस्त मिळाली म्हणून कोणतीही पेंड तळ्यांत टाकणाऱ्यानें हें विसरूं नये.

नेहमींच्या उपयोगांतील पदार्थांत प्रथिनांचें प्रमाण साधारणपणें येणेंप्रमाणें असतें (शेंकडा):

धुतलेलें सोयासार — सुमारें ६५
मासळीची कुटी — ५५ ते ६५
मक्याचें ग्लुटेन — सुमारें ६०
सोयापेंड, तेल पूर्ण काढलेली — ४४ ते ४८
भुईमुगाची पेंड — ४० ते ४५
तिळाची पेंड — सुमारें ४०
खोबऱ्याची पेंड — २० ते २२
भाताचा कोंडा, तेल काढलेला — १४ ते १६
भाताचा कोंडा, गिरणींतला ताजा — १२ ते १४

ह्या आंकड्यांवरून कोणी म्हणेल कीं, सोयासारांत कुटीइतकीं प्रथिनें आहेत, तेव्हां दोन्ही सारखींच. तसें नाहीं. प्रथिन हें अनेक अमिनो आम्लांचें बनलेलें असतें, आणि त्यांपैकीं एखादें जरी कमी पडलें तरी बाकीचीं असून नसल्यासारखीं होतात. दहा खांबांच्या मांडवांत दोन खांब आंखूड असले तर छप्पर त्या दोन खांबांच्याच उंचीवर बसतें, तसाच हा प्रकार आहे. सोयाबीनमध्यें लायसिन पुरेसें असून मेथिओनिन अपुरें आहे. भुईमुगांत दोन्ही कमी, त्यांतही लायसिनची उणीव मोठी. तिळांत व मक्याच्या ग्लुटेनमध्यें मेथिओनिन चांगलें, पण लायसिन थोडें. म्हणून सोयापेंडीच्या जोडीस थोडी तिळाची पेंड किंवा ग्लुटेन घातल्यास एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघते. एकाच पेंडीवर सर्व भिस्त ठेवण्यापेक्षां दोन-तीन पेंडींचें मिश्रण नेहमीं चांगलें.

प्रक्रियांचे प्रकार व त्यांचें कार्य

(१) तेल काढणें. घाण्याच्या किंवा दाबयंत्राच्या पेंडींत शेंकडा ६ ते ८ तेल राहतें. द्रावकानें तेल काढलेल्या पेंडींत तें एक-दीड टक्क्यावर येतें. तेल कमी झालें कीं प्रथिनांचें प्रमाण वाढतें व पेंड अधिक दिवस टिकते. कोंड्याच्या बाबतींत ह्याचें महत्त्व विशेष आहे. गिरणींतून निघालेल्या कच्च्या तांदुळाच्या कोंड्यांत शेंकडा १५ ते १८ तेल असतें, आणि त्या कोंड्यांतीलच एक विकर तें तेल फोडूं लागतो. थोड्याच दिवसांत कोंड्यास खवट वास येतो व मासे तो नाकारतात. म्हणून गिरणीचा कोंडा घ्यावयाचा तर ताजाच घ्यावा व आठवड्याच्या आंत संपवावा. सांठवावयाचा असल्यास तेल काढलेला घ्यावा. उकड्या तांदुळाच्या कोंड्यांतील तो विकर वाफेनें आधींच निकामी झालेला असतो, म्हणून तो कच्च्या कोंड्यापेक्षां बरा टिकतो.

(२) उष्णता देणें. कच्च्या सोयाबीनमध्यें ट्रिप्सिन ह्या पाचक रसास बांधून टाकणारें एक द्रव्य असतें. तें कायम असतां माशानें खाल्लेलीं प्रथिनें न पचतां बाहेर पडतात. खाद्यही जातें आणि पाणीही घाण होतें. ओलसर उष्णतेनें हें द्रव्य नष्ट होतें. म्हणून चांगल्या कारखान्यांत तेल काढल्यावर पेंडीस वाफेनें शेक देतात. घरचें सोयाबीन वापरावयाचें झाल्यास तें रात्रभर भिजत घालून, पाणी टाकून, निदान अर्धा तास चांगलें उकळावें, मग वाळवून दळावें. उष्णता फार झाली तरीही नुकसान होतें. लायसिन साखरेशीं बद्ध होऊन माशास मिळेनासें होतें. करपट तपकिरी रंगाची पेंड ह्या कारणानें नाकारावी.

पेंड कच्ची आहे कीं काय, हें पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. सोयाबीनमध्यें युरियापासून अमोनिया निर्माण करणारा एक विकर असतो, आणि तो ट्रिप्सिन बांधणाऱ्या द्रव्याबरोबरच उष्णतेनें नष्ट होतो. एका बाटलींत चमचाभर दळलेली सोयापेंड, तितकाच युरिया व थोडें कोमट पाणी घालून झांकण लावावें. अर्ध्या तासानें झांकण काढतांच अमोनियाचा झणझणीत वास आला तर पेंडीस पुरेसा शेक मिळालेला नाहीं असें समजावें. वास न आल्यास ती कच्ची नाहीं. मात्र ती करपलेली नाहीं ना, हें रंगावरूनच पाहावें लागेल, कारण ही कसोटी तें सांगत नाहीं.

(३) धुणें. सोयापेंडींतील कांहीं साखरा व सॅपोनिन हीं उष्णतेनें जात नाहींत. मद्यार्कमिश्रित पाण्यानें धुतल्यावर तीं निघून जाऊन शेंकडा ६५ प्रथिनांचें सोयासार उरतें. हा कारखान्याचा उद्योग आहे, घरीं करण्यासारखा नाहीं. माल महाग पडतो, म्हणून रोहू-कटल्यास तो वापरण्याचें कारण नाहीं. जिताड्यासारख्या माशाच्या गोळीखाद्यांत त्याचा उपयोग होतो.

(४) आंबवणें. उपयुक्त जीवाणू किंवा किण्व यांच्या योगानें ह्याच साखरा व पचनविरोधी द्रव्यें बऱ्याच अंशीं मोडतात. आंबोळीचें पीठ रात्रभर ठेवून आंबविणाऱ्या कोंकणी गृहिणीस ह्यांत नवीन कांहींच नाहीं. दहा किलो सोयापेंड व कोंडा यांचें मिश्रण घेऊन त्यांत २०० ग्रॅम गूळ व २० ग्रॅम पाव करण्याचें यीस्ट कोमट पाण्यांत कालवून घालावें. ओलावा इतकाच असावा कीं मूठ आवळल्यास गोळा व्हावा, पण पाणी गळूं नये. मिश्रण स्वच्छ पिंपांत दाबून झांकून २४ ते ४८ तास सावलींत ठेवावें. वास आंबूस-गोड आला तर खाद्य उतरलें. कुजकट वास आला किंवा हिरवी-काळी बुरशी दिसली तर तें तळ्यांत न घालतां खतांत टाकावें. तयार झालेलें खाद्य त्याच दिवशीं संपवावें.

(५) स्फुरद मोकळें करणें. धान्यांतील व पेंडींतील स्फुरदाचा सुमारें दोन तृतीयांश भाग फायटेट ह्या रूपांत बांधलेला असतो आणि माशास तो काढून घेतां येत नाहीं. परिणाम असा होतो कीं, माशाच्या हाडांस स्फुरद मिळत नाहीं, आणि तोच स्फुरद विष्ठेंतून पाण्यांत जाऊन शेवाळ माजवितो. फायटेज नांवाच्या विकरानें हें बंधन सुटतें. रोहू-कटला ह्या जातीच्या माशांस जठर नसतें, त्यामुळें पोटांत आम्ल नसतें. आणि नेहमींच्या फायटेजला काम करावयास आम्लता लागते. म्हणून ह्या माशांकरितां पेंड अगोदर आंबवून किंवा फायटेज लावून भिजवून ठेवणें अधिक गुणकारी. त्याशिवाय खाद्यांत शेंकडा एक-दोन प्रमाणांत स्फुरदयुक्त खनिजमिश्रण घालणें हिताचें आहे.

मासा ओळखून खाद्य द्यावें

आपल्या वाडवडिलांनीं रोहू-कटल्यास भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग घालण्याची चाल पाडली. तिचा हिशेब करून पाहूं. पेंडींत शेंकडा ४२ व कोंड्यांत १३ प्रथिनें धरलीं, तर समभाग मिश्रणांत २७॥ येतात, म्हणजे माशास हवीं तितकींच. चाल अडाणीपणाची नव्हती, हें यावरून दिसेल. लायसिनची उणीव असतांही ती चाले, कारण तळ्यांत मासे विरळ असत, आणि पाण्यांतील सूक्ष्म जीव खाऊन मासा ती उणीव स्वत: भरून काढी. तळ्याचें हिरवट पाणी हेंच खरें अर्धें खाद्य होतें. परंतु त्याच तळ्यांत बीज दुप्पट-चौपट सोडलें म्हणजे प्रत्येक माशाच्या वांट्यास येणारे सूक्ष्म जीव त्या मानानें घटतात, आणि मग पेंड-कोंड्याची उणीव उघडी पडते. म्हणून बीज दाट सोडणाऱ्यानें खाद्यही परिपूर्ण दिलें पाहिजे. विरळ सोडणाऱ्यास जुनी चाल अजूनही परवडेल.

जिताड्याची गोष्ट निराळी. तो शिकार करून खाणारा मासा आहे. अन्न अपुरें पडलें तर लहान भावंडांसही गिळतो. त्याचें आंतडें आंखूड, जठर बळकट आणि पिष्ट पचविण्याची शक्ति थोडी. शिवाय समुद्री मासळीच्या तेलांतील विशिष्ट स्निग्धाम्लें व टॉरिन नांवाचें द्रव्य त्यास बाहेरून मिळावें लागतें, आणि तीं कोणत्याही पेंडींत नाहींत. चेन्नई येथील केंद्रीय निमखारें पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेनें १९९७ सालीं जिताड्याचें बीज बंदिस्त स्थितींत तयार करून दाखविलें, त्यामुळें पिलांकरितां केवळ खाडीवर अवलंबून राहण्याचें कारण उरलें नाहीं. अशीं पिलें लहानपणींच गोळीखाद्यास लावतां येतात. त्या खाद्यांतील कुटीचा कांहीं भाग काढून सोयासार, आंबविलेली सोयापेंड व ग्लुटेन घालतां येतें. परंतु थोडी कुटी व थोडें मासळीचें तेल राहिलेंच पाहिजे. घरीं कालविलेल्या पेंड-कोंड्यावर जिताडा वाढेल, अशी आशा कोणीं धरूं नये.

यावरून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. ज्याच्यापाशीं भांडवल थोडें आणि पाणी गोडें आहे, त्यानें रोहू, कटला व मृगळ यांवर राहून खाद्य घरीं करावें. ज्याच्यापाशीं निमखाऱ्या पाण्याची सोय व खाद्याकरितां रोकड आहे, त्यानें जिताडा धरावा व त्याचें खाद्य विश्वासू कारखान्याचें घ्यावें.

मिश्रणाचा हिशेब

समजा, शेंकडा ४८ प्रथिनांची सोयापेंड व शेंकडा १५ प्रथिनांचा तेल काढलेला कोंडा हाताशीं आहे, आणि शेंकडा ३० प्रथिनांचें खाद्य करावयाचें आहे. पेंडीच्या आंकड्यांतून ३० वजा करावे, १८ उरतात. हे कोंड्याचे भाग. तीसांतून कोंड्याचे १५ वजा करावे, १५ उरतात. हे पेंडीचे भाग. एकूण भाग ३३. म्हणजे १०० किलो मिश्रणांत सोयापेंड सुमारें ४५॥ किलो व कोंडा ५४॥ किलो. ह्या रीतीनें कोणत्याही दोन पदार्थांचा हिशेब शेतकऱ्यास बोटांवर करतां येईल. पेंडीच्या भागांतील पांच-सात किलो काढून तेवढी तिळाची पेंड घातल्यास मेथिओनिनची उणीव कमी होईल; कोंड्यांतून दोन किलो वजा करून तेवढें खनिजमिश्रण घालावें. मिश्रण बांधून येण्यास शिजविलेल्या गव्हाच्या पिठाची किंवा मक्याच्या पिठाची खळ वापरावी.

विकत घेतांना पोत्याचा भाव न पाहतां प्रथिनाचा भाव पाहावा. समजा एक पेंड किलोस ४८ रुपये असून तिच्यांत शेंकडा ४८ प्रथिनें आहेत, आणि दुसरी किलोस ३३ रुपये असून तिच्यांत शेंकडा २२ आहेत. पहिलींत एक किलो प्रथिन १०० रुपयांस पडतें, दुसरींत १५० रुपयांस. स्वस्त दिसणारी पेंड येथें दीडपट महाग आहे. हे भाव केवळ उदाहरणाकरितां घेतले आहेत. ज्या दिवशीं माल घ्याल त्या दिवसाच्या भावानें हिशेब मांडावा. सोयापेंडीस कोंबड्या पाळणाराही गिऱ्हाईक असतो, आणि तिचे भाव स्थिर नसतात. २०२१ सालीं ते इतके चढले कीं, त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें सरकारला १२ लाख टन सोयापेंड परदेशांतून आणण्याची परवानगी द्यावी लागली. म्हणून एकाच पाककृतीस चिकटून न राहतां, भाव बदलतील तसें मिश्रण बदलण्याची ही विद्या शेतकऱ्यानें हस्तगत केली पाहिजे.

बुरशीचें भय

कोंकणच्या पावसाळ्यांत पेंडीचा सर्वांत मोठा शत्रु म्हणजे ओल. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकीं मेले. शोध करतां ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचें विष त्यास कारण असल्याचें कळलें. त्यालाच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेंतील मत्स्यकेंद्रांत ट्राउट माशांच्या यकृतांत गांठी होऊं लागल्या, त्यांचें मूळही बुरशी आलेल्या सरकीच्या पेंडींत सांपडलें. हें विष साध्या उकळण्यानें जात नाहीं, आणि मासा तत्काळ मरत नसल्यामुळें शेतकऱ्याच्या तें लक्षांतही येत नाहीं. मासा खंगतो, वाढ खुंटते, रोग बळावतात, आणि दोष बीजावर जातो.

यास्तव पेंड फोडून पाहिल्याशिवाय घेऊं नये. आंत हिरवट-पिवळी किंवा काळी बुरशी, कुबट वास किंवा ओलसर गरमपणा असल्यास ती परत करावी. पोतीं जमिनीवर किंवा भिंतीस टेकून न ठेवतां फळ्यांवर रचावीं. पावसाळ्यापूर्वीं चार महिन्यांचा सांठा करून ठेवण्याचा मोह टाळावा. दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच माल आणावा.

खाद्य देण्याची रीत व परीक्षा

चांगलें खाद्यही वाईट रीतीनें दिल्यास पाण्यांत जातें. सुकी पेंड मुठीनें फेंकली तर तिचा मोठा भाग तळाशीं बसून कुजतो. आंध्र प्रांतांतील मत्स्यशेतकरी भोंकें पाडलेल्या पोत्यांत पेंड-कोंडा भरून तीं पोतीं बांबूस टांगतात. मासे भोंकांतून खातात, आणि किती उरलें तें पोतें उचलतांच कळतें. ही युक्ति आपल्याकडेही घेण्याजोगी आहे. रोजचें खाद्य तळ्यांतील माशांच्या अंदाजी वजनाच्या शेंकडा दोन ते तीन असावें. ढगाळ दिवशीं, किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असल्यास, खाद्य कमी करावें किंवा त्या दिवशीं बंद ठेवावें. कारण प्राणवायु अपुरा असतां घातलेलें अन्न पचत नाहीं व कुजून उरलासुरला प्राणवायूही खातें.

खाद्याची खरी परीक्षा त्याच्या जाहिरातींत नसून तळ्याच्या वहींत आहे. दर पंधरवड्यास जाळें टाकून वीस-पंचवीस मासे तोलावे, सरासरी काढावी, आणि तोंवर किती किलो खाद्य घातलें तें लिहावें. एक किलो मासा वाढण्यास किती किलो खाद्य लागलें, हा आंकडा मिळाला कीं सर्व कांहीं उलगडतें. समजा, किलोस ३० रुपयांचें खाद्य तीन किलो लागतें, तर मासा ९० रुपयांस पडला. किलोस ४५ रुपयांचें खाद्य एक किलो ६०० ग्रॅमच पुरतें, तर मासा ७२ रुपयांत झाला. स्वस्त खाद्य घेणाऱ्याचा तोटा पोत्यावरील भावांत कधींच दिसत नाहीं. तो ह्या गुणाकारांत दिसतो.

नवीन मिश्रण एकदम सर्व तळ्यांत सुरू करूं नये. बारीक जाळ्याचे दोन पिंजरे एकाच तळ्यांत बांधावे, दोहोंत एकाच वजनाचे पंचवीस-पंचवीस मासे सोडावे, एकास जुनें खाद्य व दुसऱ्यास नवें द्यावें, आणि सहा आठवड्यांनीं तोलून पाहावें. ह्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. ज्यास अधिक शास्त्रीय सल्ला हवा असेल त्याच्याकरितां मुंबईस वर्सोवा येथें १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठही दूर नाहीं.

उपसंहार

सारांश, पेंड घेतांना शेतकऱ्यानें विक्रेत्यास पांच प्रश्न विचारावे: ही कशाची आहे? तेल घाण्यावर काढलें कीं द्रावकानें? शेक दिला आहे काय? प्रथिनें शेंकडा किती? आणि माल किती दिवसांचा आहे? ज्याला हीं पांच उत्तरें देतां येत नाहींत त्याच्याकडून माल घेऊं नये. एकट्यादुकट्या शेतकऱ्यास असे प्रश्न विचारणें जड जातें, हें खरें. म्हणून एका गांवच्या दहा-वीस तळेवाल्यांनीं एकत्र येऊन, एका गाडीचा माल एकदम आणून, त्याचा एक नमुना तपासून घ्यावा. तपासणीचा खर्च वांटला गेला म्हणजे तो जाणवत नाहीं, आणि एक नासकी खेप टळली तरी तो अनेक पटींनीं भरून निघतो. खारजमिनीच्या बांधाचें काम आपल्या पूर्वजांनीं कधीं एकट्यानें केलें नाहीं. एकाच्या हद्दींत बांध फुटला तर खारें पाणी सर्वांच्या शेतांत शिरतें, हें ते जाणून होते. तळ्याच्या खाद्याची व्यवस्थाही त्याच रीतीनें केल्यास भाताच्या एका पिकावर भागविणाऱ्या कुटुंबास वर्षभराचा आधार मिळेल.